टीआयएफआरच्या भिंतींवरची चित्रं : कोणी कोणी पाहिली आहेत?

खारेवारे

गेल्या महिन्यात एका व्याख्यानाच्या निमित्ताने भाच्याला घेऊन कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जाणं झालं. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे ही संस्था म्हणजे माझ्यासाठी कायम होमी भाभा, विश्वकिरण आणि मूलकण. आत चित्रं आहेत हे ऐकून होतो. पण दर्शनी दालनात पाऊल टाकलं आणि मी तिथेच थांबलो. समोरच्या भिंतीवर एम. एफ. हुसेन यांचं 'भारत भाग्यविधाता'. 45 फूट लांब, 9 फूट उंच. एका जागी उभं राहून ते पाहताच येत नाही. लांबून पाहिलं तर सबंध पट डोळ्यांत येतो, पण बारकावे हरवतात. दोन पावलांवर गेलं की चित्र नाहीसं होतं आणि नुसती रेघ उरते. त्या रेघेचं बोट धरून डावीकडून उजवीकडे चालत जायचं, परत यायचं. आम्ही तीनदा गेलो-आलो. व्याख्यानाला दहा मिनिटं उशीर झाला.

घरी आल्यावर मिळेल ते वाचून काढलं. भाभा स्वतः चित्रं काढत, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. संस्थेचं आजचं आवार उभं राहत होतं तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंकडे परवानगी मागितली, की इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलाकृतींसाठी वापरू द्या. नेहरूंनी होकार दिला. 1954 च्या 1 जानेवारीला त्यांनीच या इमारतीची पायाभरणी केली होती आणि 1962 च्या जानेवारीत उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झालं. दालनातल्या भित्तिचित्रासाठी भाभांनी देशातल्या नावाजलेल्या चित्रकारांकडून आराखडे मागवले. पिकासोलाही विचारून पाहावं असं त्यांच्या मनात होतं, त्यासाठी त्यांनी शास्त्रज्ञ बर्नाल यांच्यामार्फत चाचपणी केली होती. शेवटी काम मिळालं ते पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेल्या माणसाला.

पण माझ्या मनात जास्त घर करून बसली ती बाकीची चित्रं. अडीचशेच्या आसपास आहेत. गायतोंडे, आरा, सूझा, तय्यब मेहता, राम कुमार, हेब्बर, बेंद्रे. यातली कितीतरी 1950 आणि 60 च्या दशकांत घेतलेली, म्हणजे या मंडळींना घरभाड्याची भ्रांत होती तेव्हाची. 24 जानेवारी 1966 ला माँ ब्लांवरच्या विमान अपघातात भाभा गेले. त्यानंतर संचालक झालेल्या प्रा. मेनन यांनी काही वर्षं खरेदी चालू ठेवली. आणि ही सगळी चित्रं संग्रहालयात नाहीत, तर माणसं कामाला जातात-येतात त्या वाटेवर टांगलेली आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. ही चित्रं तिथेच राहिली पाहिजेत, ती कोणी हलवू नयेत. पण आपल्यासारख्यांना वर्षातून काही ठरलेले दिवस तरी ती नीट पाहता यावीत. तुमच्यापैकी कोणी तिथे शिकलं असेल, काम केलं असेल, तर लिहा. इतर विद्यापीठांमधल्या चित्रांबद्दलही लिहा.

मैत्रेयी_ठाणे

किती आत्मीयतेने लिहिलंय काका! वाचतेय.

बोरकूट

लेख आवडला. एक शंका, टीआयएफआर विद्यापीठ आहे का? मला वाटायचं नुसती संशोधन संस्था आहे.

खारेवारे

@बोरकूट, 2002 पासून अभिमत विद्यापीठ आहे. पीएचडीची पदवी तिथूनच मिळते.

अणुरेणू

काका, मी तिथे एका उन्हाळ्यात दोन महिने प्रकल्पासाठी होतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. सोलापूरहून आलेलो. चित्र म्हणजे आमच्याकडे कॅलेंडरवरचं. हॉस्टेलवरून कामाच्या खोलीकडे, तिथून कँटीनकडे आणि परत, असा दिवसातून चार वेळा मी एका गायतोंडेंच्या चित्रासमोरून जायचो. पहिल्या आठवड्यात वाटलं, यात काहीच नाही. रंग आहे, त्यावर रंग आहे, आणि थोडे पुसल्यासारखे डाग. नाव वाचायलाही थांबलो नाही.

माझं गणित अडलं होतं. एका समाकलाची (इंटिग्रलची) किंमत दर वेळी अनंत येत होती आणि मार्गदर्शकांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. रात्री साडेदहाच्या सुमारास कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं, तेव्हा त्या चित्रासमोर टेकून बसलो. पंधरावीस मिनिटांनी त्या रंगाच्या खाली दुसरा रंग दिसायला लागला, त्याच्याखाली आणखी एक. जणू पाण्यात खोल खोल बघतोय. तो रंग आधीपासून तिथेच होता, मी थांबलो नव्हतो. गणित त्या रात्री सुटलं वगैरे काही नाही, ते पुढच्या आठवड्यात सुटलं. पण त्यानंतर मी रोज थांबायचो.

हेच चित्र मी तिकीट काढून संग्रहालयात पाहिलं असतं तर अर्ध्या मिनिटात पुढे गेलो असतो. म्हणून ती तिथेच राहावीत, या तुमच्या मताला माझा शंभर टक्के पाठिंबा.

वऱ्हाडी_माणूस

आमच्या विदर्भाची बाजू राहून गेली, ती लिहितो. गायतोंडे मूळ गोव्याच्या घरातले, पण 1924 साली जन्मले ते नागपुरात. 1947 ला मुंबईत चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाची स्थापना झाली तेव्हा त्यात सहा जण होते : सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे. हे हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर. आज किती मराठी माणसांना त्यांचं नाव ठाऊक आहे?

आणि बी. प्रभा. नागपूरजवळच्या बेला गावच्या. आधी नागपूरला, मग मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. विद्यार्थिदशेतच त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं आणि त्यातली तीन चित्रं भाभांनी घेतली. त्या काळी एका खेड्यातून आलेल्या, नाव नसलेल्या मुलीची तीन चित्रं एकदम विकली जाणं म्हणजे काय, याची कल्पना करा. पुढे त्यांनी आयुष्यभर उंच, शिडशिडीत, मान किंचित कलती असलेल्या कष्टकरी बाया रंगवल्या. कोळणी, मजूर बायका. ते तीन चित्रांचे पैसे मिळाले नसते तर त्या थांबल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पण कुणीतरी तुमच्या कामाला वेळेवर 'हो' म्हणणं ही फार मोठी गोष्ट असते, हे मी स्वतः अनुभवलंय.

गणपतराव

सर्वांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. 2021 मध्ये गायतोंडेंचं 1961 चं एक चित्र लिलावात जवळपास 40 कोटींना गेलं. गेल्या वर्षी मार्च 2025 मध्ये हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कला 1 कोटी 37 लाख डॉलर्सच्या वर गेलं, म्हणजे सुमारे 118 कोटी रुपये. त्या चित्राची हकीकत या धाग्याशी जुळते. दिल्लीत काम करणाऱ्या एका नॉर्वेच्या डॉक्टरांनी ते 1954 साली घेतलं होतं आणि पुढे ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला देऊन टाकलं. अनेक दशकं ते तिथे आतल्या भिंतीवर होतं, बाहेरच्या कोणाला पत्ता नव्हता. रुग्णालयाने ते विकलं आणि पैसा डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवला.

आपल्याकडे संशोधनाला पैसा कमी पडतो अशी ओरड असते. मग दोन-चार चित्रं विकून एक नवी प्रयोगशाळा झाली तर भाभांना वाईट वाटेल का? मनापासून विचारतोय.

खारेवारे

गणपतराव, तुम्ही प्रश्न मनापासून विचारलात, म्हणून मीही रात्रभर विचार करून उत्तर देतोय.

ओस्लोच्या रुग्णालयाकडे ते चित्र भेट म्हणून आलं होतं. चित्रकार परदेशी, विषय परदेशी, तिथल्या कामाशी त्याचा काही धागा नव्हता. त्यांनी विकलं यात मला गैर वाटत नाही. टीआयएफआरचं तसं नाही. ही चित्रं त्या इमारतीच्या अंदाजपत्रकातच होती. सिमेंट, काच, फर्निचर, चित्रं. इमारतीचा आराखडा करणारे बार्ट्श शिकागोच्या फर्मचे, पण कोणतं चित्र कुठे लागणार यात भाभा जातीने लक्ष घालत. बागेतल्या झाडांबाबतही त्यांची तीच रीत होती, झाड तोडायचं नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं. जिना कोणी विकत नाही, तशी ही चित्रंही विकायची नसतात.

दुसरं, किंमत आज 40 कोटी झाली कारण तेव्हा कोणीतरी थोडक्या पैशांत घेऊन जपली. आज विकून उद्या अशी चित्रं परत घेता येणार नाहीत. प्रयोगशाळेतलं यंत्र वीस वर्षांनी जुनं होतं. अणुरेणूंनी रात्री साडेदहाला जे पाहिलं ते साठ वर्षांनंतरही ताजं होतं.

गणपतराव

जिन्याचा मुद्दा पटला. पण मग सामान्य माणसाने पाहायचं कुठे? पैसा जनतेचा, चित्रं गेटच्या आत, आणि गेट संरक्षण खात्याच्या वस्तीत.

खारेवारे

यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. मुंबईच्या एनजीएमएमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, या संग्रहाचं प्रदर्शन पूर्वी एकदा झालेलं आहे, तसं दर काही वर्षांनी व्हावं. आणि आवारातच महिन्यातला एक शनिवार, आधी नावं घेऊन, वीस-वीस जणांचे गट. शाळांना प्राधान्य. इतकं जमलं तरी खूप झालं.

चौकटवाला

मी फ्रेमिंगच्या धंद्यात आहे, वडिलांपासून. जुनी तैलचित्रं सावरायचं कामही थोडंफार शिकलोय. टीआयएफआरचं काम मी केलेलं नाही, पण कुलाबा, कफ परेड, वरळी इथल्या घरांतली चित्रं आयुष्यभर हाताळलीत. म्हणून समुद्राकाठी चित्र जपणं म्हणजे काय ते सांगतो.

कॅनव्हास हे कापड आहे आणि ते श्वास घेतं. पावसाळ्यात ढिलं पडतं, मधोमध पोट सुटतं. डिसेंबरात कोरडं वारं सुटलं की ताणलं जातं. वर रंगाचा थर मात्र कडक, त्याला कापडाबरोबर हलता येत नाही. दर वर्षी हे होत राहिलं की केसाएवढा तडा जातो, मग त्याच्या कडा वर उचलल्या जातात, बशीसारख्या. बोट लावलं की पापुद्रा हातात. मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी असतात, त्या हलकेच ठोकून ताण सारखा करायचा असतो. बरेच लोक हौसेने जोरात ठोकतात आणि कोपऱ्यातून कापड फाटतं.

खारी हवा तर वेगळीच. मीठ ओल धरून ठेवतं. कापड चौकटीवर बसवलेले खिळे गंजतात आणि गंज कापड खातो. चित्र पुढून नवंकोरं दिसतं, मागे कापडाची किनार हातात भुगा होऊन येते. त्यात 50-60 सालात आपल्या चित्रकारांकडे भारी सामान कुठून असणार? कित्येकांनी साध्या हार्डबोर्डवर रंगवलंय. त्याचे कोपरे ओल लागली की फुगतात, बिस्किटासारखे.

म्हणून ही अडीचशे चित्रं अजून भिंतींवर आहेत यामागे सत्तर वर्षं कोणाकोणाचे हात लागलेत, त्याचा विचार करा. चित्रकाराचं नाव खाली लिहिलेलं असतं. जपणाऱ्याचं कुठेच नसतं.

मैत्रेयी_ठाणे

चौकटवाला दादा, हा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने लगेच उठून हॉलमधलं चित्र काढून मागे बघितलं!

शाल्मली

इतर विद्यापीठांबद्दल लिहा म्हणालात म्हणून विश्वभारतीबद्दल. शांतिनिकेतनात चित्रं भिंतीवर टांगलेली नाहीत, भिंतच चित्र आहे. हिंदी भवनात बिनोदबिहारी मुखर्जींनी 1946-47 मध्ये मध्ययुगीन संतांच्या जीवनावर भित्तिचित्र केलं. तीन भिंतींवर वरच्या भागात ते फिरतं. कबीर, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंग, आणि त्यांच्याभोवती घाट, गल्ल्या, गर्दी. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायची ही पद्धत. त्या दिवशी जेवढा गिलावा घातला तेवढा वाळायच्या आत रंगवायचा, चुकलं तर खरवडून पुन्हा. आणि हे त्यांनी मोठे आराखडे भिंतीवर न छापता, थेट केलं. त्यांचा एक डोळा जन्मापासून निकामी होता, दुसऱ्याने अगदी जवळचं दिसायचं. म्हणजे एवढी मोठी भिंत त्यांना एका नजरेत कधी दिसतच नव्हती! ते वीतवीत पुढे सरकले आणि तरी सबंध भिंत एका नदीसारखी वाहते. पुढे दहाएक वर्षांनी शस्त्रक्रियेनंतर उरलेली दृष्टीही गेली. त्यानंतर 1972 मध्ये त्यांनी कलाभवनाच्या, म्हणजे तिथल्या कलाविभागाच्या, भिंतीसाठी फरशांचं चित्र केलं, हाताच्या स्पर्शाने.

बाहेर आवारात रामकिंकर बैज यांचं 'संथाळ कुटुंब', 1938 चं. दगड किंवा ब्राँझ परवडणारं नव्हतं, म्हणून सिमेंट आणि तिथलीच लाल माती-खडी. बाप, आई, कडेवर मूल, सोबत कुत्रा, सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेत. मुलं सायकली लावून त्याच्या शेजारी चहा पितात.

आपल्या मराठी माणसाचाही तिथे संबंध आहे. विनायक मासोजी हे नंदलाल बसूंचे विद्यार्थी आणि पुढे कलाभवनात शिक्षक. त्यांच्याबद्दल कोणी सविस्तर लिहिलं तर वाचायला आवडेल.

वऱ्हाडी_माणूस

'वीतवीत पुढे सरकले'. ताई, हे वाक्य विसरणार नाही. मासोजींवर वेगळा धागा हवाच.

रंकाळा

धागा पहिल्यापासून वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे एका जुन्या चित्रकाराने साठ वर्षांपूर्वी सात निसर्गचित्रं भेट दिली होती. त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आहे. वरच्या ओळीत लाकडी स्टूल, खालच्या ओळीत पाणी प्यायचा पिंप, मध्ये 'चित्र, फ्रेमसह, नग 7'. चित्रकाराचं नाव नाही, विषय नाही, माप नाही.

काही वर्षांपूर्वी जुन्या सामानाचं निर्लेखन झालं, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकलं, त्यात तीन गेली. 'काच फुटलेली, निरुपयोगी' असा शेरा. भंगारवाल्याने वजनावर नेली. मी तेव्हा सुटीवर होतो. परत आलो तर भिंतीवर तीन पांढरे चौकोन. त्या रंगाचे चौकोन दोन वर्षं तसेच होते, पुढच्या रंगकामापर्यंत. रोज जाताना मी मान खाली घालून जायचो.

उरलेली चार ऑफिसबाहेरच्या भिंतीवर आहेत. कागदावरचे जलरंग, काचेखाली. दोनांवर तपकिरी ठिपके आलेत आणि एकावर पांढुरकी बुरशी दिसतेय. चौकटवाला, मी काय करू? आमच्याकडे यासाठी पैसा नाही.

चौकटवाला

साहेब, घाबरू नका. जलरंग कागदावरचा आहे, त्याला ओलं फडकं, कापूर, ब्रेड, बटाटा, कोणी काहीही सांगू दे, लावायचं नाही. पाण्याचा थेंबही नको.

आधी चारही भिंतीवरून उतरवा. भिंत बाहेरची आहे का बघा, म्हणजे पाठीमागे पाऊस झोडपतो का. असेल तर तिथे परत लावू नका, आतल्या भिंतीवर जागा शोधा. ट्यूबलाइटपासून लांब. टेबलावर स्वच्छ चादर घालून फ्रेम पालथी ठेवा आणि मागचा पुठ्ठा हळू काढा. तो पिवळा, ठिसूळ झालेला असणार, आंबट वास येईल. ठिपके बहुतेक त्यानेच दिलेत. पुठ्ठा टाकून द्या, पण त्यावर काही लिहिलेलं असेल तर आधी फोटो काढा. चित्राच्या मागेही बघा.

बुरशीचं चित्र बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. कोरड्या, वारा खेळत्या खोलीत दोन-तीन दिवस राहू दे, उन्हात नको. बुरशी सुकली की तोंडाला मास्क लावून अगदी मऊ ब्रशने, कागदाला न घासता, वरच्यावर झटका. रंगाचा कण जरी निघाला तरी थांबा. ठिपके घालवायच्या फंदात पडू नका, ते जाणकाराचं काम. पुन्हा फ्रेम करताना काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा, आम्लरहित. आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळेल. ही युक्ती वडिलांची.

माउंट आणि पुठ्ठे मी पाठवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. पैशांचं बोलायचं नाही.

खारेवारे

रंकाळा, कुरिअरचा खर्च माझा. आणि रजिस्टरमध्ये नोंद नव्याने करून घ्या. प्रत्येक चित्राला वेगळा क्रमांक, चित्रकाराचं नाव, माप, फोटो. 'नग 4' असं पुन्हा होऊ देऊ नका.

अणुरेणू

फोटो कसे काढायचे, काचेवर प्रकाश चमकू न देता, ते मी लिहून पाठवतो. फ्रेम उघडी असतानाच काढून घ्या, ती संधी परत मिळणार नाही.

रंकाळा

सर्वांचे आभार कसे मानू कळत नाही. काल रविवारी शिपाईमामा आणि मी दोघांनी मिळून चारही उतरवली. भिंत बाहेरचीच होती, पाठ ओली. पुठ्ठे काढले. चौकटवाला म्हणाले तसाच आंबट वास.

बुरशीवाल्या चित्राच्या मागे पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं : 'रंकाळा, सकाळ. 3/7.' बाकीच्यांवर 1, 4 आणि 6. म्हणजे ती सातही एकाच माळेतली होती, एकाच तळ्याची, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत. मी त्यांना इतकी वर्षं सुटी सुटी चित्रं समजत होतो.

2, 5 आणि 7 गेली. मामा म्हणाले, सर, भंगारवाला अजून त्याच गल्लीत आहे, आपण उद्या जाऊन विचारू. चार वाजता कॉलेज सुटलं की निघतोय.